शिरगणतीतून एकोणिसाव्या शतकातलं इंग्लिश कुटुंब कसं शोधावं

कुणाच्या घरात पणजोबांच्या इंग्लिश आईचं नुसतं नाव उरलेलं असतं. कुणाला खडकीच्या किंवा नगरच्या जुन्या दफनभूमीतल्या शिळेवरच्या माणसाचं घराणं लावायचं असतं. इंग्लंडात स्थायिक झालेल्या कुणाला आपल्या शंभर-दीडशे वर्षं जुन्या घरात आधी कोण राहत होतं ते हवं असतं. अशी माणसं कागद घेऊन येतात तेव्हा चूक बहुतेक तीच असते. वंशावळीच्या साइटवर नाव टाकलं, वय जुळलं, जन्मगाव जुळलं, की तो माणूस आपला म्हणून वंशावळीत बसवला. त्याच्या मागे लावलेल्या तीन पिढ्या मग दुसऱ्याच कुणाच्या निघतात.

आपल्याकडे जनगणनेला पूर्वी खानेसुमारी म्हणत, म्हणजे घरांची मोजदाद. इंग्लंडच्या नोंदी वाचताना हाच शब्द डोक्यात ठेवा. तिथली नोंद घराची आहे, आणि माणसाची ओळख त्या घरातल्या त्याच्या जागेवरून पटते.

खाली दिलेली पद्धत इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडच्या नोंदी 'स्कॉटलंड्सपीपल' या वेगळ्या साइटवर मिळतात. आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक शिरगणत्या नष्ट झाल्या आहेत, त्यामुळे तिथे ही पद्धत चालत नाही.

१. तयारी: कागद, तारखा आणि वयाचा हिशेब

साइटचे पैसे भरण्याआधी एक मोठा कागद आडवा घ्या. डाव्या बाजूला कुटुंबातल्या माणसांची नावं लिहा, वरती १९११ पासून मागे १८४१ पर्यंतची सालं. प्रत्येक चौकटीत वय, जन्मठिकाण, धंदा आणि पत्ता एवढंच येईल. रिकामी राहिलेली चौकट हे पुढचं काम असतं. हा तक्ता न करता शोधायला बसलेला माणूस तेच पान चार वेळा उघडतो आणि पाचव्यांदा त्यात नवं काही सापडल्यासारखं वाटून फसतो.

इंग्लंडात शिरगणती १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण पहिल्या चार गणत्या मुख्यतः आकड्यांच्या होत्या. साऱ्या देशातल्या माणसांची नावं १८४१ पासून मिळतात. नोंद एका ठरावीक रात्री घरात कोण होतं याची आहे. त्या रात्री तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवा:

१८४१: ६ जून
१८५१: ३० मार्च
१८६१: ७ एप्रिल
१८७१: २ एप्रिल
१८८१: ३ एप्रिल
१८९१: ५ एप्रिल
१९०१: ३१ मार्च
१९११: २ एप्रिल

या तारखा लागतात जन्मसाल काढायला. १८५१ च्या गणतीत वय २० लिहिलं असेल, तर बहुतेक जण १८५१ मधून २० वजा करून जन्मसाल १८३१ धरतात. गणती मार्चअखेरची होती. तो माणूस ३१ मार्च १८३० ते ३० मार्च १८३१ या काळात कधीतरी जन्मला. त्यातले नऊ महिने १८३० मध्ये येतात, म्हणजे नुसती वजाबाकी चारांतल्या तीन वेळा एका वर्षाने चुकते. तक्त्यात जन्मसाल एक लिहू नका, दोन्ही लिहा.

पैशांबद्दल थोडक्यात. मूळ पानांची छायाचित्रं 'अ‍ॅन्सेस्ट्री' आणि 'फाइंडमायपास्ट' या साइटवर वर्गणी भरून मिळतात. १८८१ ची संपूर्ण उतरवलेली नोंद 'फॅमिलीसर्च'वर फुकट आहे, आणि 'फ्रीसेन'वर काही परगण्यांच्या (म्हणजे काउंटींच्या) काही वर्षांच्या नोंदी फुकट आहेत. इंग्लंडात राहत असाल तर आधी गावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी या साइट तिथे बसून मोफत पाहता येतात. फुकटात होईल तेवढं आधी करा आणि महिन्याची वर्गणी मग घ्या.

२. शेवटच्या पक्क्या नोंदीपासून सुरुवात

जुन्यातल्या जुन्या पूर्वजापासून सुरुवात करून खाली यायचं नाही. ज्याच्याबद्दल कागदावर काही पक्कं आहे अशा सगळ्यांत अलीकडच्या माणसापासून निघायचं आणि दहा-दहा वर्षांनी मागे जायचं. मधली एकही गणती गाळायची नाही. १८९१ मध्ये माणूस सापडला नाही म्हणून थेट १८८१ वर उडी मारली, की नावाने आणि वयाने जुळणारा परका माणूस घरात शिरतो.

कुटुंब १९११ पर्यंत इंग्लंडात होतं तर तिथूनच सुरू करा. आधीच्या गणत्यांत कुटुंबप्रमुखाने भरलेले फॉर्म टाकून दिले गेले आणि प्रगणकाने वहीत केलेली नक्कल तेवढी उरली. १९११ चे मूळ फॉर्म मात्र टिकले आहेत. बहुतेक वेळा अक्षर घरातल्याच माणसाचं असतं. शिवाय विवाहित स्त्रीसमोर लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती हयात आणि किती गेली हे लिहिलेलं असतं. मरण पावलेल्या मुलांचा आकडा तक्त्यात नक्की उतरवा. मागे गेल्यावर एखाद्या गणतीत दिसून पुढच्या गणतीत नाहीसं झालेलं मूल त्या आकड्यात बसतं का, हे त्यावरून कळतं.

तपासा: पहिली चौकट भरताना माणसाचं नाव सोडून निदान दोन गोष्टी बाहेरच्या कागदाशी जुळल्या पाहिजेत. बायकोचं नाव, मुलाचं नाव, धंदा, पत्ता, यांपैकी कोणत्याही दोन.

३. शोध टाकताना कमी भरा

शोधाच्या चौकटीत माहीत असलेलं सगळं टाकण्याचा मोह होतो. जितकं जास्त भराल तितकं कमी सापडेल. पहिलं नाव, जन्मसाल दोन वर्षं मागे-पुढे आणि जन्माचा परगणा एवढ्यावर सुरू करा. आडनाव प्रगणकाने ऐकून लिहिलं असेल, नंतर उतरवणाऱ्याने त्याचं भलतंच काही केलं असेल. आडनावाच्या जागी पहिली तीन अक्षरं आणि तारकाचिन्ह (*) टाका, म्हणजे पुढची अक्षरं काहीही असली तरी चालतात. तरीही नाही, तर आडनाव पूर्ण सोडून द्या आणि घरातल्या सगळ्यांत वेगळ्या नावाच्या मुलाला शोधा. जॉन आणि मेरी हजारोंनी मिळतील. त्यांच्या घरात एखादी 'केझाया' असेल तर तिच्यावरून घर सापडेल.

आपल्याकडच्या माणसाची एक खास चूक इथे होते. मधलं नाव बापाचं असणार असं आपण नकळत धरतो. इंग्लंडात तसं नव्हतं. मधलं नाव आईचं माहेरचं आडनाव असू शकतं, आजीचं असू शकतं, आई अविवाहित असेल तर कधीकधी मुलाच्या खऱ्या बापाचं आडनावही. म्हणून ते टिपून ठेवा, पण त्यावरून बाप ठरवू नका. १८४१ मध्ये तर मधली नावं बहुधा लिहिलेलीच नसतात.

४. उताऱ्यावर थांबू नका, मूळ पान उघडा

साइटवर टाइप केलेली ओळ दिसते तो कुणीतरी वाचून केलेला उतारा असतो. मूळ पान उघडून पुढचं पाहा.

पानाचा माथा: पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), शहर, वॉर्ड तिथे लिहिलेले असतात. एकाच नावाची गावं इंग्लंडात डझनावारी आहेत, म्हणून परगण्यासकट उतरवा.

मागचं आणि पुढचं पान: कुटुंब पानाच्या शेवटी येऊन दोन पानांत तुटलेलं असतं आणि धाकटी मुलं पलीकडे राहतात. शेजारची दहा घरंही वाचा. सासुरवाडी पुष्कळदा त्याच गल्लीत सापडते.

रेघा: घर कुठे संपलं आणि त्याच घरात दुसरं बिऱ्हाड कुठे सुरू झालं हे नावांजवळच्या तिरक्या रेघांवरून कळतं. दोन रेघा म्हणजे घर बदललं, एक रेघ म्हणजे छप्पर तेच, बिऱ्हाड वेगळं. या रेघा न पाहता शेजारच्या बिऱ्हाडाची मुलं आपल्या घरात घेतलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

खुणा: बेरजा करणाऱ्या कारकुनांनी वयावर आणि धंद्यावर जागोजागी काट मारली आहे. काटेखालचा ३ हा ८ दिसतो.

संदर्भ क्रमांक: आधी त्या गणतीच्या नोंदींच्या मालिकेचं नाव. १८४१ आणि १८५१ साठी एचओ १०७, १८६१ साठी आरजी ९, पुढे क्रमाने आरजी १०, ११, १२ आणि १९०१ साठी आरजी १३. त्यापुढे पीस (वह्यांचा गठ्ठा), फोलिओ (त्यातला कागद) आणि पान. फोलिओचा छापील आकडा कागदाच्या फक्त पुढच्या बाजूला असतो. तुमचं पान पाठीमागचं असेल तर एक पान मागे जाऊन तो घ्या. साइट बदलली, वर्गणी संपली तरी या क्रमांकावरून तेच पान पुन्हा सापडतं.

५. नात्याचा रकाना: सगळ्यांत जास्त चुका इथे

हा टप्पा सावकाश वाचा. १८५१ पासून प्रत्येकासमोर नातं लिहिलेलं आहे, पण ते कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं आहे. बायकोशी असलेलं नाही.

एक कल्पित घर घेऊ. १८८१, लेस्टर शहर. थॉमस, वय ४३, मोजे विणणारा, जन्म हिंकली. बायको सेरा, ३४, जन्म नॉटिंगहॅम. मुलं: हेन्री १७ आणि ॲन १५, दोघांचा जन्म हिंकलीत, फ्रेड ८ आणि रोझ ५, दोघांचा लेस्टरमध्ये. चौघांपुढे 'सन' किंवा 'डॉटर' लिहिलेलं. बहुतेक जण इथे सेराला चौघांची आई करून मोकळे होतात.

आता नीट पाहा. सेरा आणि हेन्रीच्या वयात सतराच वर्षांचं अंतर आहे. ॲन आणि फ्रेडमध्ये सात वर्षांची पोकळी आहे. पोकळीच्या अलीकडची मुलं एका गावची, पलीकडची दुसऱ्या. थॉमसची पहिली बायको ॲनच्या जन्मानंतर वारली असावी आणि सेरा दुसरी असावी, असा संशय या तीन गोष्टी मिळून देतात. सिद्ध काहीच झालेलं नाही. १८७१ च्या पानावर थॉमसजवळ दुसरी बाई दिसली तर पुढचा शोध तिच्या मृत्यूचा आणि थॉमसच्या दुसऱ्या लग्नाचा.

दुसरा सापळा आपल्या भाषेचा आहे. इंग्रजीत नाती भरड आहेत, मराठीत बारीक, आणि आपण वाचता वाचता मनात भाषांतर करतो. पानावर 'नेफ्यू' दिसला की आपल्या डोक्यात पुतण्या येतो, कारण आडनाव तेच असेल असं वाटतं. तो भाचाही असू शकतो, बायकोच्या बहिणीचा मुलगाही. त्याचं आडनाव वेगळं असेल तर उलट फायदाच: बहिणीचं सासरचं आडनाव हाती लागलं असण्याची शक्यता आहे. 'सिस्टर-इन-लॉ' म्हणजे वहिनी की मेहुणी, हे त्या शब्दातून कळत नाही. ती अविवाहित असेल तर बहुधा बायकोची बहीण, आणि मग तिचं आडनाव हेच बायकोचं माहेर. तक्त्यात मराठी नातं लिहायचा मोह टाळा. पानावरचा शब्द जसाच्या तसा उतरवा, अर्थ शेजारी पेन्सिलने.

'सन-इन-लॉ' समोर बारा वर्षांचा मुलगा दिसला तर गोंधळू नका. त्या काळी हा शब्द सावत्र मुलासाठीही वापरत. तसंच 'मदर-इन-लॉ' सावत्र आई असू शकते. आणि 'ग्रँडसन'चं आडनाव आजोबांचंच आहे म्हणून तो मुलाचा मुलगा असं ठरवू नका. अविवाहित लेकीचं मूल आजोळीच वाढे आणि आजोबांचंच आडनाव लावी.

सावधान: मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत. १८५१ मध्ये ३ वर्षांची मेरी आणि १८६१ मध्ये ८ वर्षांची मेरी या दोन वेगळ्या मुली आहेत. 'वय चुकलं असेल' म्हणून पुढे जाऊ नका, मधल्या काळात मृत्यू शोधा.

६. दहा वर्षं मागे जाताना

मागच्या गणतीत घर शोधायला मुलांची जन्मठिकाणं वापरा. मोठ्यांच्या जन्मगावाने सुरुवातीचं टोक कळतं, मुलांच्या जन्मगावांनी मधला रस्ता. वरच्या उदाहरणात १८७१ साठी लेस्टरच्या गल्ल्या चाळण्यात अर्थ नाही; ॲन हिंकलीत जन्मली, आधी हिंकली पाहायचं.

जन्मठिकाण म्हणजे आपलं 'मूळ गाव' नव्हे, हेही इथेच सांगतो. रकान्यात जन्म कुठे झाला एवढंच विचारलं होतं, आणि लोकांनी दर गणतीत वेगळं सांगितलं. एकदा खेड्याचं नाव, पुढच्या वेळी जवळच्या मोठ्या गावाचं, तिसऱ्यांदा लहानपण गेलं त्या ठिकाणाचं. निदान तीन गणत्यांतली उत्तरं एकाखाली एक लिहून नकाशावर अंतर पाहा. पाच-सात मैलांच्या आतली असतील तर माणूस तोच असू शकतो.

वयाचंही तसंच. दहा वर्षांत वय आठने किंवा बाराने वाढणं नेहमीचं आहे. चार गणत्यांत ते सतत एकाच दिशेने सरकत असेल, तर सगळ्यांत लहानपणीच्या नोंदीवर जास्त भरवसा ठेवा. तान्ह्या मुलाच्या वयात आईची चूक फारशी होत नाही.

प्रत्येक दोन गणत्यांच्या मधली दहा वर्षं सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदींनी शिवून घ्या. ही नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवर खातं उघडलं की जन्म आणि मृत्यूची अनुक्रमणिका फुकट पाहता येते, आणि तिच्यात जन्मासमोर आईचं माहेरचं आडनाव आहे. थॉमसच्या घराचा प्रश्न इथे सुटतो: हेन्री आणि ॲनच्या नोंदीत एक आडनाव आणि फ्रेड-रोझच्या नोंदीत दुसरं निघालं, तर आया दोन. लग्नाचा दाखला विकत घ्यावा लागतो, पण त्यावर दोन्ही वडिलांची नावं आणि धंदे असतात. सगळ्या कागदांत आधी तोच मागवा. पिढी ओलांडायला तो लागतोच.

तपासा: अनुक्रमणिकेत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं. जिल्हा एखाद्या मोठ्या गावाच्या नावाने असतो आणि आसपासची कितीतरी खेडी त्यात येतात. शिवाय १८७५ पूर्वीचा जन्म अनुक्रमणिकेत नसेल तर तो नोंदवलाच नसण्याची शक्यता असते. मग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहा.

७. घर सापडलं, एक माणूस नाही

आपल्या एकत्र कुटुंबाच्या सवयीने पाहिलं तर तेरा वर्षांची मुलगी घरात नाही म्हणजे ती वारली असंच वाटतं. मृत्यूच्या नोंदीत तिच्या नावाची कुणी सापडतेही. पण गरिबांची मुलं त्या वयात कामाला बाहेर पडत. मुलगी मैल-दोन मैलांवर कुणाच्या घरी 'सर्व्हंट' असते, मुलगा शेतावर किंवा कारागिराकडे उमेदवारीला. लग्न झालेला मुलगा सहसा वेगळं बिऱ्हाड करी. आधी जिवंत शोधा, मग मृत्यू.

वर्कहाउस (निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणारी संस्था), वेड्यांचं इस्पितळ, तुरुंग, शाळा, बराकी, जहाजं यांच्या नोंदी गल्लीच्या पानांत नसतात, वेगळ्या याद्यांत असतात. काही संस्थांनी पूर्ण नावं न देता अद्याक्षरंच लिहिली. तिथे अद्याक्षर, वय, धंदा आणि जन्मगाव या चारींवर शोधा. काही पानं मुळातच नाहीत: १८६१ चा लंडनच्या बेलग्रेव्हियाचा काही भाग हरवला, आणि १८५१ ची मँचेस्टर परिसरातली पुष्कळ पानं पाण्याने खराब झाली.

फौजेत, रेल्वेत किंवा कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात असलेलं कुटुंब त्या वर्षीच्या इंग्लंडच्या गणतीत मिळणार नाही. परत गेल्यावरच्या गणतीत मुलांच्या जन्मठिकाणी 'ईस्ट इंडीज' किंवा 'बॉम्बे' दिसतं, आणि कधी त्यापुढे गावाचं नाव. इथे मराठी वाचक इंग्लिश वाचकापेक्षा पुढे आहे. 'अहमदनग्गर', 'टाना', 'सत्तारा', 'किर्की' ही स्पेलिंगं उतरवणाऱ्याने मोडून ठेवलेली असली तरी आपल्याला ठाणे नि खडकी लगेच ओळखू येतात. तिथून पुढचा धागा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याच्या, नोंदींत. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिथे एन/३ या मालिकेत आहेत. 'फिबिस' (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेच्या साइटवरची शोधयादी फुकट आहे, तिथून सुरुवात करा. मुंबई इलाखा म्हणजे नुसता आजचा महाराष्ट्र नव्हे. कराची आणि गुजरातमधलं डीसाही त्यातच शोधायचे.

८. १८५१ वरून १८४१ कडे

शेवटची उडी सगळ्यांत निसरडी. १८४१ मध्ये नात्याचा रकानाच नाही. एका छपराखालचे पुरुष आणि बाई नवरा-बायको असतील, भाऊ-बहीण असतील, दीर-भावजय असतील. मुलं कुणाची हे पानावरून सिद्ध होत नाही.

वयाचीही तीच गत. पंधरा वर्षांपर्यंतचं वय जसंच्या तसं लिहायचं आणि त्यापुढचं पाचच्या पटीत खाली आणायचं, अशी प्रगणकांना सूचना होती. ३९ वर्षांचा माणूस ३५ लिहिला गेला. म्हणून १८४१ मधला '३५' म्हणजे ७ जून १८०१ ते ६ जून १८०६ यांमधला कुठलाही जन्म. सगळ्याच प्रगणकांनी सूचना पाळली असंही नाही. पानावरची इतर वयं पाहा, ३७ किंवा ४२ असे आकडे दिसले तर त्या प्रगणकाने खरं वय लिहिलं आहे.

जन्मठिकाणाच्या जागी फक्त 'वाय' किंवा 'एन': याच परगण्यात जन्मला की नाही, एवढंच. स्कॉटलंड, आयर्लंड आणि परदेश यांना एकेक अक्षर. म्हणजे जन्माची पॅरिश सांगणारी पहिली गणती १८५१ ची. म्हातारा पूर्वज ३० मार्च १८५१ च्या आधी वारला असेल तर त्याची पॅरिश कोणतीच शिरगणती सांगणार नाही. ती त्याच्या भावंडांच्या १८५१ च्या नोंदीतून किंवा चर्चच्या वह्यांतून काढावी लागते.

१८४१ चं पान पेन्सिलीने लिहिलेलं आहे आणि पुष्कळदा फिकं पडलेलं असतं. छायाचित्राचा काळेपणा वाढवून वाचा. एकाच पॅरिशमध्ये त्याच नावांची दोन जोडपी सापडली, आणि चुलतभावांच्या घरांत ती सर्रास सापडतात, तर दोन्ही घरं तक्त्यात पेन्सिलने लिहा. मग दोन्हींच्या मुलांचे बाप्तिस्मे चर्चच्या वहीत शोधा. १८१३ पासून छापील नमुन्याच्या वहीत बापाचा धंदा आणि राहण्याची जागा लिहीत. एक जॉन विणकर आणि दुसरा शेतमजूर निघाला, की एक घर पेनने पक्कं करता येतं आणि दुसरं खोडता येतं. दोघेही विणकर आणि दोघेही एकाच वाडीतले निघाले, तर ती दोन्ही घरं पेन्सिलीतच राहू द्या आणि त्यांच्या वरची पिढी लिहायला घेऊ नका.